मॅस्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी: वॉर्ड इन्चार्जचा अभिप्राय

नाइट संपवून ओव्हर देणाऱ्या (पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवणाऱ्या) कुठल्याही सिस्टरला ‘थकलीस का?’ विचारा, ती ‘हो’च म्हणेल. त्यातून कळत काहीच नाही. मॅस्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी ही बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून किती झिजलाय, ते मोजणारी प्रश्नावली त्याच्या पुढचं विचारते, म्हणून ती मला मोलाची वाटते.

मी मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज आहे. माझ्या मुलींनी (वॉर्डमधल्या स्टाफला मी मुलीच म्हणते) ही प्रश्नावली नाव न घालता भरली, मीही भरली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ती 1981 मध्ये प्रसिद्ध केली. माणसांची सेवा करणाऱ्यांसाठीच्या आवृत्तीत 22 विधानं आहेत. प्रत्येकापुढे, असं किती वेळा वाटतं, ते 0 ते 6 मध्ये लिहायचं. 0 म्हणजे कधीच नाही, 6 म्हणजे रोज. चहा संपेपर्यंत भरून होते.

नऊ विधानं भावनिक थकव्याची, आठ आपल्या हातून काही चांगलं घडतंय या समाधानाची. उरलेली पाच रुग्णाबद्दल मनात आलेल्या कोरडेपणाची, आणि माझ्या मते खरी किंमत या पाचांची आहे. थकवा सगळ्यांना दिसतो, कोरडेपणा दिसत नाही. तो बोलण्यातून हळूच शिरतो. ‘आजोबा’ जाऊन ‘सात नंबर’ येतं. नातेवाइकाने तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला की मान वर न करता उत्तर दिलं जातं. एरवी सलाइन लावताना दोन शब्द बोलणारी मुलगी गप्प राहून सुई टोचते आणि पुढच्या बेडकडे वळते. अशा मुलीला आपण उद्धट ठरवतो, मेमो देतो. खरं तर हा धोक्याचा इशारा असतो: देण्यासारखं काही उरलं नाही की माणूस स्वतःला वाचवायला मागे सरतो.

आता हिची मर्यादा. ही निदान करत नाही. तिन्ही भागांचे गुण वेगवेगळे वाचायचे, बेरीज करून ‘तू नापास’ असं सांगायचं नाही. समाधानाचे गुण तर उलटे वाचायचे, तिथे कमी आले की काळजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउट आजार म्हणून नाही. नीट हाताळल्या न गेलेल्या, कामावरच्या दीर्घ ताणातून आलेली अवस्था म्हणून त्याची नोंद आहे. म्हणून सुट्टीतही मन उठत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रश्नावली बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

दुसरी उणीव मला जास्त खटकते. प्रश्नावली किती झिजलात ते सांगते, कशाने झिजलात ते नाही. मॅस्लाक आणि त्यांचे सहसंशोधक मायकेल लायटर यांनी सहा कारणं मांडली आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांतलं नातं, न्याय आणि मूल्यं. त्यासाठी त्यांची वेगळी प्रश्नावली आहे. दोन्ही सोबत घ्याव्यात. बोजा सगळ्यांच्या लक्षात येतो, न्यायाकडे कुणी पाहत नाही. आमच्याकडे बोलताना निघालं ते हेच: ड्यूटी लिस्ट आयत्या वेळी बदलते आणि सणाच्या नाइट ठरावीक मुलींवरच पडतात. लिस्ट मीच लावते, त्यामुळे आता ती आधी लागते आणि नाइट पाळीने फिरतात. माणसं वाढवणं माझ्या हातात नाही. ते वरच्यांचं काम आहे, आणि योगाचा एखादा वर्ग भरवून ते टळत नाही.

मॅस्लाकची प्रश्नावली विकत घ्यायची तर परवान्यासह घ्यावी लागते, मनाने झेरॉक्स काढता येत नाही. ते जमत नसेल तर 2005 मध्ये आलेली कोपनहेगन प्रश्नावली मोफत वापरता येते. तिच्यात 19 प्रश्न आहेत, थकवा ती छान पकडते, पण कोरडेपणाचा भाग तिच्यात नाही. रुग्णसेवेत असाल तर माझं मत मॅस्लाकलाच. फक्त कागद भरून घेण्याआधी एक ठरवून घ्या: उत्तरं कुणाच्या हातात जाणार. ती मेट्रनच्या फायलीत जाणार असं कळलं, की सगळ्या मुली 0 लिहून मोकळ्या होतील.