बाळ सांभाळायला बाई देणारी रत्नागिरीतली एजन्सी : आठ महिन्यांचा अनुभव

माझी 26 आठवड्यांची मॅटर्निटी लीव संपायला वीस दिवस उरले होते, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आई देवरुखला आणि बाळ जेमतेम पाच महिन्यांचं. ओळखीत विचारून झालं, कोणी मिळेना, कारण ऐन आंब्याचा सीझन, बायका सगळ्या बागेत पेट्या भरायला. म्हणून एजन्सी गाठली. नाव लिहीत नाही, पण झालं ते सगळं लिहिते.

चार्ज एका महिन्याच्या पगाराएवढा, म्हणजे 11 हजार, तोही आधी. त्यात पोलीस व्हेरिफिकेशन ते करणार आणि तीन महिन्यांत बाई सोडून गेली तर दुसरी फुकट देणार.

पहिल्यांदा पाठवली ती एक मुलगीच होती हो. आधार कार्ड बघितलं तर सतरा पूर्ण. चौदाच्या खालच्या मुलांना घरकामाला ठेवणं गुन्हाच आहे, सतराची कायद्यात बसत असेलही, पण एवढ्याशा पोरीच्या जिवावर दिवसभर तान्हं बाळ टाकून मी बँकेत कशी बसू, आणि तिचं शिक्षण? एजन्सीवाल्याला फोन केला तर म्हणे लहान मुली जास्त ऐकतात मॅडम. मला इतका राग आला. तिला जेवायला घातलं, एसटीचे पैसे दिले, स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं आणि मगच घरी आले.

आठ दिवसांनी मावशी आल्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, भाट्याच्या पुलापलीकडून येतात. आल्या आल्या बाळाला उचललं नाही, आधी हातपाय धुतले, मग खाली बसून राहिल्या, बाळ आपणहून बघून हसेपर्यंत. तिथेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला. पावसात लंगोट वाळत नाहीत तर एकेक इस्त्री फिरवून ठेवायच्या, सहा महिने झाल्यावर नाचणीचं सत्त्व त्यांनीच भिजवून गाळून केलं, आणि बाळाचा ताप शंभरच्या वर गेला की मी मीटिंगमध्ये असले तरी फोन येणारच.

म्हणजे बाई उत्तम मिळाली, पण त्यात एजन्सीचं श्रेय किती? व्हेरिफिकेशन म्हणून आधारची झेरॉक्स हातात दिली बस, शेवटी मावशींना विचारून फोटो आणि कागद घेऊन पोलीस स्टेशनला मीच गेले. दुसऱ्या महिन्यात कळलं की मावशींच्या पहिल्या पगारातूनही त्यांनी तीन हजार कापून घेतले होते!! दोन्हीकडून पैसे, आणि मावशींना वाटत होतं मीच कापायला सांगितले.

सुट्ट्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या छापील कागदावर महिन्याला दोन सुट्ट्या, बाकी खाडा झाला की पगार कापा. अहो हे कोकण आहे, जुलैत लावणी, मग गणपती, मग शिमगा, हे तीन सोडून इथली कुठली बाई कामाला येईल? मावशी म्हणाल्या, पालखी दारात येणार आणि मी घरात नाय असं कसं चालेल ताई. बरोबरच आहे, आमच्याकडे पालखी येते तेव्हा मी जाते का बँकेत?

मग आम्ही दोघींनी वहीच्या पानावर आमचा कागद केला. रविवार सुट्टी, लावणीला चार दिवस, गणपतीला गौरी विसर्जनापर्यंत, शिमग्याला दोन दिवस, सगळं भरपगारी. रेड अलर्ट असेल त्या दिवशी पूल ओलांडून यायचं नाही, तोही पगार कापायचा नाही. बोनस दिवाळीला नाही तर गणपतीला, खरा खर्च तेव्हाच असतो ना. पगार खात्यात. बँकेतच असल्यामुळे खातं मी उघडून दिलं आणि सुरक्षा बीमा (सरकारी अपघात विमा) पण करून टाकला, वर्षाला 20 रुपये फक्त.

आणि घरेलू कामगार कल्याण मंडळ, त्याचा कायदा 2008 पासून आहे, 18 ते 60 वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते, हे एजन्सीने ना मला सांगितलं ना मावशींना. कामगार ऑफिसला आम्ही दोघी गेलो, माझ्याकडे काम करतात असा दाखला मी लिहून दिला. बाई लावून देणं हाच ज्यांचा धंदा त्यांना हे माहीत नसेल असं मला नाही वाटत.

एजन्सीला 5 पैकी 1, तो एक पण मावशी आल्या म्हणून. कुणाला नाचणे-कुवारबाव भागात बाई हवी असेल तर आधी वाडीतल्या अंगणवाडीच्या ताईंना विचारा, मला ते उशिरा सुचलं. एजन्सीकडेच जायचं तर बाईच्या पगारातून काय कापणार ते तिच्यासमोर विचारा आणि कागदावर घ्या.

शिमग्याला पालखी मावशींच्या घरी यायची त्या दोन दिवसांची माझी रजा मी जानेवारीतच टाकलीय.