ओढून आकार बदलणारं पॅनेल: सीएसएस, स्वतःचा कोड की तयार लायब्ररी?

वेबपानावरचा एखादा भाग वापरणाऱ्याला ओढून लहान-मोठा करता यावा, अशी मागणी आली की तीन वाटा असतात: सीएसएसची (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेची) एक ओळ, पॉइंटर इव्हेंट (माउस किंवा बोटाच्या हालचालीच्या सूचना) वापरून स्वतः लिहिलेला कोड, किंवा तयार लायब्ररी. बरेच जण कोड किती लिहावा लागेल एवढंच पाहून ठरवतात. मी आधी दोन गोष्टी विचारतो. कुठल्या कडेला धरून ओढायचंय? आणि ओढल्यावर शेजारच्या भागाचं काय व्हायला हवं? निम्मा निर्णय इथेच होतो.

सीएसएसची रिसाइझ प्रॉपर्टी सगळ्यात स्वस्त. तिला बोथ, हॉरिझॉन्टल किंवा व्हर्टिकल अशी किंमत दिली की कोपऱ्यात ब्राउझरचं हँडल उमटतं. मात्र ओव्हरफ्लो (न मावणाऱ्या मजकुराचं काय करायचं ते) व्हिजिबल असेल तर काहीच होत नाही, आणि काही न सांगता लागू होणारी किंमत तीच असल्यामुळे अनेकांचं घोडं इथेच अडतं. ओव्हरफ्लो ऑटो करा, मिन-विड्थ आणि मॅक्स-विड्थ द्या, की मर्यादा ब्राउझरच सांभाळतो. आकार बदलल्याचं कळायला हवं असेल तर रिसाइझ ऑब्झर्व्हर आहे. 2020 पासून तो सगळ्या प्रमुख ब्राउझरांत मिळतो.

टेक्स्टएरिया, कोडचा नमुना, प्रतिसादी रचना तपासायचा डबा, यांना एवढं पुरतं. पण हँडल एकाच कोपऱ्यात, तेही बारीक, आणि आयफोनवरच्या सफारीत ही सोयच नाही. दोन पॅनेलांमधली सीमारेषा सरकवायची असेल तर हा मार्ग सोडा. फ्लेक्स मांडणीच्या आत तर ब्राउझर रुंदी लिहितो आणि उरलेली जागा वाटून देणारा फ्लेक्स-ग्रो ती पुन्हा मोडून काढतो.

अशा सीमारेषेसाठी मी स्वतःच्या कोडच्या बाजूने आहे. हिशोब साधा आहे: ओढायला सुरुवात केली तेव्हाची रुंदी, अधिक पॉइंटर तेव्हापासून जितका सरकला ते अंतर. दर हालचालीला आधीच्या रुंदीत थोडं-थोडं मिळवत जाऊ नका. किमान रुंदीला पॅनेल थांबलं तरी पॉइंटर पुढे जातो, आणि परत येताना कड त्याच्यापासून सुटलेली असते.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. सहा पिक्सेलांची उभी पट्टी आहे आणि वापरणाऱ्याने माउस झर्रकन उजवीकडे ओढला, असं समजा. पॉइंटर पट्टीच्या बाहेर गेला. शेजारी आयफ्रेम (पानात बसवलेलं दुसरं पान) असेल तर इव्हेंट तिच्यातल्या दस्तऐवजाकडे जातात, बटण सोडल्याचंही आपल्याला कळत नाही, आणि माउस परत आला की बटण न दाबताच पॅनेल त्याच्यामागे फिरू लागतं. त्यासाठी लोक सगळ्या पानावर पारदर्शक पडदा टाकायचे. आता पॉइंटरडाउनलाच हँडलवर सेट-पॉइंटर-कॅप्चर बोलवा. पुढचे सगळे इव्हेंट त्या हँडललाच मिळतात आणि बटण सोडलं की पकड आपोआप सुटते. सोबत हँडलवर टच-ॲक्शन नन हवंच. नाहीतर बोटाने ओढताना ब्राउझर त्याला स्क्रोल समजतो आणि पॉइंटरकॅन्सल पाठवून मोकळा होतो.

पहिल्याच ओढीला पॅनेल टुणकन मोठं झालं, तर बॉक्स-सायझिंग पाहा. गेट-बाउंडिंग-क्लायंट-रेक्टने मोजलेल्या रुंदीत पॅडिंग आणि बॉर्डर धरलेली असते. तीच संख्या कंटेंट-बॉक्सच्या रुंदीत (जिच्यात ही दोन्ही धरलेली नसतात) लिहिली, दोन्ही बाजूंना 16 पिक्सेल पॅडिंग आणि 1 पिक्सेल बॉर्डर असली, की 34 पिक्सेलांची उडी बसते. बॉर्डर-बॉक्स केलं की प्रश्न मिटतो.

लायब्ररी केव्हा घ्यावी? आठही बाजूंना हँडलं, गुणोत्तर कायम ठेवणं, जाळीला चिकटणं हे सगळं एकत्र लागतं तेव्हा. डावी किंवा वरची कड ओढताना आकाराबरोबर जागाही बदलावी लागते, आणि तो हिशोब पुन्हा लिहिण्यात हशील नाही. जेक्वेरी यूआयचं रिसाइझेबल यातलं बरंच देतं, पण ते माउस इव्हेंटवर उभं आहे आणि 2021 पासून तो प्रकल्प फक्त देखभालीपुरता चालू आहे. नव्या कामासाठी मी ते घेणार नाही. इंटरॅक्ट-जेएस बोटाने ओढणंही नीट हाताळतं. फक्त पॅनेलं विभागायची असतील तर स्प्लिट-जेएस बघा.

कीबोर्डची सोय मात्र गृहीत धरू नका. सीमारेषेला सेपरेटर ही एरिया (ARIA, स्क्रीन रीडरसारख्या साधनांना भाग ओळखता यावा म्हणूनची) भूमिका, टॅबने पोहोचता येण्याची सोय, किमान-कमाल-चालू किंमत आणि बाणांच्या कळा द्या. माउसने नीट ओढता न येणाऱ्या माणसासाठी ही गरजेची गोष्ट आहे, आणि लायब्ररी घेतली तरी ती आपणच तपासायची. 2023 च्या डब्ल्यूसीएजी 2.2 या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एए पातळीवर ओढण्याला पर्याय मागितला आहे, तोही न ओढता एका पॉइंटरने जमणारा. म्हणजे रुंदी कमी-जास्त करायची दोन बटणंसुद्धा चालतील. स्पर्शाचं लक्ष्य साधारणपणे 24 बाय 24 सीएसएस पिक्सेल असावं, असंही त्यात आहे. पट्टी दिसायला सहा पिक्सेल ठेवा, पण पकडायची जागा पारदर्शक स्यूडो-एलिमेंटने (सीएसएसने जोडलेल्या आभासी भागाने) रुंद करा.

अजूनही ठरत नसेल तर सीएसएसपासून सुरुवात करा. ते पुरलं नाही तर एक ओळ पुसून स्वतःचा कोड घालता येतो. लायब्ररी काढायची वेळ आली तर तिचे इव्हेंट, तिचे क्लास आणि त्यांच्यावर बांधलेलं सगळंच उकरावं लागतं.