फ्रीडम ट्रेल: गाइडसोबत की दोघांनीच?

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याशी निगडित स्थळे जोडणाऱ्या बॉस्टनमधील पायवाटेसाठी, म्हणजे फ्रीडम ट्रेलसाठी, एक दिवस राखून ठेवलेल्या जोडप्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागते. अठराव्या शतकातील पोशाख केलेल्या गाइडसोबत गटाने चालायचे, की वाट दाखवणारी फुटपाथवरची लाल रेघ धरून दोघांनीच निघायचे? माझ्या पत्नीने आणि मी लागोपाठच्या दोन दिवशी दोन्ही करून पाहिले, म्हणून या निवडीबद्दल अनुभवाचे चार शब्द लिहितो आहे.

गाइडची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. ओल्ड स्टेट हाउससमोर जमिनीत बसवलेले दगडांचे एक वर्तुळ आहे, ती इंग्रज शिपायांनी 5 मार्च 1770 रोजी जमावावर केलेल्या गोळीबाराची खूण. आम्ही दोघेच असतो तर वाहने चुकवण्याच्या नादात तिच्याकडे नीट पाहिलेही नसते. गाइडने मात्र आम्हाला तिथे थांबवून बर्फाचे गोळे फेकणारा जमाव, बिथरलेले शिपाई आणि त्या गोळीबारात गेलेले पाच जीव असा सारा प्रसंग डोळ्यांपुढे उभा केला. पुढे त्याच इंग्रज शिपायांचे वकीलपत्र जॉन अ‍ॅडम्स यांनी घेतले आणि आठांपैकी सहा जण निर्दोष सुटले, हेही त्याने ओघात सांगितले. स्वतंत्र अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झालेला हा माणूस शत्रूच्या शिपायांसाठी न्यायालयात उभा राहिला होता, ही गोष्ट त्या जागेवर उभे राहून ऐकताना मनावर निराळाच ठसा उमटवते. ज्यांना या इतिहासाची मुळीच ओळख नाही, त्यांना गाइडचा फायदा अधिक होईल असे मला वाटते.

तरीही माझे मत फिरले ते ग्रॅनरी दफनभूमीत. 1660 सालची ही जागा. पाटीच्या काळ्या दगडावर पंख असलेल्या कवट्या कोरलेली बुटकी थडगी तिथे दाटीने उभी आहेत. गाइडने सॅम्युअल अ‍ॅडम्स, जॉन हॅनकॉक आणि पॉल रिव्हिअर या स्वातंत्र्यलढ्यातील पुढाऱ्यांच्या जागा दाखवल्या, मधला उंच स्तंभ बेंजामिन फ्रँकलिन यांचा नसून त्यांच्या आईवडिलांचा असल्याचे सांगितले आणि तो फाटकाकडे वळला. पत्नी मात्र सॅम्युअल अ‍ॅडम्स यांच्या शेजारच्या दगडापाशी वाकून वाचत होती. त्यावर गोळीबारात मेलेल्या पाच जणांची नावे आहेत, पहिल्या बळींपैकी क्रिस्पस अ‍ॅटक्स यांचेही. त्यांच्याखाली आणखी एक नाव आहे, ख्रिस्तोफर स्नायडर, वय 12 वर्षे, त्या गोळीबाराच्या काही दिवस आधी, 22 फेब्रुवारी 1770 रोजी मारला गेलेला. तिला त्या मुलाविषयी विचारायचे होते. आम्ही मान वर केली तेव्हा गट रस्त्यावर पोहोचला होता आणि आम्हाला अक्षरशः पळत जाऊन त्याला गाठावे लागले. गाइडची यात चूक नव्हती, कारण वीसेक माणसांना दीड तासात फॅन्युल हॉल या जुन्या सभागृहापर्यंत न्यायचे तर कोणा एकासाठी थांबून चालत नाही. पण त्यानंतर प्रत्येक ठिकाणी आमचे अर्धे लक्ष पुढच्यांच्या पाठीकडेच राहिले. ज्या इमारतींच्या कथा ऐकल्या, त्यांच्या आतही पाऊल टाकता आले नाही.

शिवाय आमची सहल फॅन्युल हॉलपाशीच संपली. ट्रेलवरील 16 स्थळांपैकी पॉल रिव्हिअर यांचे घर, ओल्ड नॉर्थ चर्च, कॉप्स हिलची दफनभूमी, यूएसएस कॉन्स्टिट्यूशन ही युद्धनौका आणि बंकर हिलच्या लढाईचा स्मारकस्तंभ ही पाच त्यापुढे आहेत, आणि माझ्या मते ट्रेलचा जीव याच भागात आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघेच निघालो आणि सर्वांत आधी त्या दगडापाशी पुन्हा गेलो. मग ओल्ड नॉर्थ चर्चमध्ये, 18 एप्रिल 1775 च्या रात्री इंग्रज फौज निघाल्याचा इशारा म्हणून ज्याच्या मनोऱ्यावर दोन कंदील लावले गेले त्या 1723 सालच्या वास्तूत, उंच लाकडी भिंतींच्या खोलीवजा बाकांवर कितीतरी वेळ बसलो. तिथून उठा असे कोणी म्हणाले नाही. लाल रेघ कुठे विटांची तर कुठे नुसत्या रंगाची असल्याने एका बांधकामापाशी ती हरवली आणि आम्ही थोडे भरकटलो, हे कबूल करायला हवे. शेवटची दोन स्थळे असलेल्या चार्ल्सटाउनकडे नेणाऱ्या पुलावरची चालही कंटाळवाणी वाटली. एकूण अंतर जेमतेम चार किलोमीटर असले तरी आत जाऊन पाहायचे म्हटले की त्यातच दिवस सरतो.

एकच दिवस हाती असेल तर मी दोघांनीच चालावे या बाजूला झुकेन. जाण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी 1770 ते 1775 या पाच-सहा वर्षांच्या घडामोडी वाचून ठेवल्या, तर गाइडची उणीव बरीचशी भरून निघते. ज्यांना इंग्रजी वाचण्यापेक्षा ऐकणे सोपे जाते त्यांचा निर्णय कदाचित वेगळा असेल, आणि दोन दिवस असतील तर पहिल्या सकाळी गाइड जरूर घ्यावा.

बंकर हिलच्या स्तंभाला 294 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. मी वर चढून गेलो, पत्नी खाली हिरवळीवर बूट काढून बसली, आणि मी उतरून आलो तेव्हाही तिला उठायची घाई नव्हती.