पिनहोलसाठी कोणता खोलावा : जुना पोलरॉइड की कपाटात पडलेला इन्स्टॅक्स?

पिनहोल म्हणजे भिंगाऐवजी पत्र्यातलं सुईच्या टोकाएवढं भोक असलेला कॅमेरा, आणि इथे तो करायचाय लगेच फोटो देणारा पोलरॉइड नाहीतर फुजीचा इन्स्टॅक्स खोलून. आधी पॅकफिल्मवाल्या पोलरॉइडचं सांगून टाकतो म्हणजे तो विषय मिटेल. १९६३ पासून जे घडीचे, भात्याचे पोलरॉइड आले ते, आणि स्टुडिओवाले अर्जंट पासपोर्ट फोटोसाठी वापरायचे ते चार भिंगांचे, हे पिनहोल करायला खरं तर सगळ्यात सोपे. मोटर नाही, फोटो हाताने ओढून काढायचा, त्यामुळे पुढचं भिंग, शटर, वायरी सगळं उपटून टाकलं तरी कॅमेऱ्याचं काही अडत नाही, भोक पाडलेला पत्रा चिकटवला की काम झालं. पण फिल्म कुठाय? फुजीने ३००० स्पीडची (स्पीड जास्त म्हणजे फिल्मला उजेड कमी लागतो) ब्लॅक अँड व्हाइट २०१३ ला बंद केली, १०० ची कलर २०१६ ला, आता जे मिळतं ते बहुतेक मुदत संपलेलं आणि भाव ऐकून गप्प बसावं असं. दात आहेत तर चणे नाहीत. कोणाकडे फोटोपेपर आणि लाल दिवा असेल तर त्यात पेपर कापून टाकता येतो, मजा येते, पण मग ते इन्स्टंट राहिलं कुठे. सोडा.

उरले दोन. एक पोलरॉइड ६०० चा डबा, जो कोणाच्या तरी दुबईवाल्या काकांनी नाहीतर अमेरिकेतल्या मामांनी आणलेला असतो, आणि दुसरा इन्स्टॅक्स मिनी ८, जो हळदीच्या फोटोबूथसाठी नाहीतर पोरीच्या वाढदिवसाला हौसेने घेतला आणि दोन पाकिटं संपल्यावर कपाटात गेला. माझ्याकडे दोन्ही होते, दोन्ही खोलले, दोन्हीतून फोटो येतात. तेव्हा अमुकच घ्या असं मी म्हणणार नाही, पण जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात राहत असाल तर माझं मत एका बाजूला जरा झुकलंय, का ते पुढे येईलच.

भोकाचं दोघांनाही सारखंच. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा, त्याला सुईचं नुसतं टोक टेकवायचं, मागून फुगलेला भाग झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचा, परत टोक, परत घासायचं. हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरही आहे, पण जळगावात राहून मी ते का करू? इथे सराफ बाजार आहे. ओळखीच्या कारागिराकडे गेलो, पातळ पितळी पत्रा दिला, त्याने ०.३ मिलिमीटरचं ड्रिल लावून बसल्या बसल्या भोकं पाडून दिली, वर आयग्लास डोळ्याला लावून कडेचा बर, म्हणजे धातूची कुसळं, पण काढली, आणि पैसे विचारले तर म्हणे चहा पाजा. एवढं गोल भोक माझ्या हाताने जन्मात पडलं नसतं. मागची बाजू काळ्या मार्करने काळी करा नाहीतर पितळाची चमक आत फिरते. ०.३ हे मिनीच्या भोक ते फिल्म या साठेक मिलिमीटर अंतराला किंचित मोठं आणि पोलरॉइडच्या ११० च्या आसपासच्या अंतराला किंचित लहान, पण दोन्हीकडे भागतं.

आता उजेडाचं गणित, कारण इथे इन्स्टॅक्स पहिला मार खातो. साठ भागिले ०.३ म्हणजे एफ २०० (हा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी). फिल्म ८०० स्पीडची. आपल्याकडच्या कडक उन्हात सनी सिक्स्टीन (उन्हात एफ १६ ला सेकंदाचा फिल्मच्या स्पीडएवढा हिस्सा, हा जुना ठोकताळा) लावून बघा, एक्स्पोजर येतं सेकंदाचा पाचवा हिस्सा. शटर म्हणून भोकावर लावलेलं टेपचं झाकण हाताने उघडून तेवढ्यात बंद करून दाखवा! नाही होत, दरवेळी वेगळा वेळ लागतो, एक फोटो पांढरा फक्क आणि पुढचा काळपट. पोलरॉइडमध्ये ६०० ची फिल्म ६४० स्पीडची, अंतर जास्त असल्यामुळे एफ ३६० च्या पुढे जातो, म्हणजे पाऊण सेकंदाच्या जरा वर, जमवलं तर जमतं. आणि पोलरॉइडवाल्यांना अजून एक सोय आहे जी दुकानदार सांगत नाहीत, ६०० च्या डब्यात एसएक्स-७० या पोलरॉइडच्याच जुन्या कॅमेऱ्याचं पाकीट बसतं (उलटं होत नाही, ६०० च्या पाकिटाला खाली बारके उंचवटे असतात ते अडतात). एसएक्स-७० ची फिल्म १६० स्पीडची, मग उन्हात तीन-सव्वातीन सेकंद मिळतात, आरामात एक-दोन-तीन मोजा. इन्स्टॅक्सला असा दुसरा स्पीड नाहीच. त्याला इलाज म्हणजे भोकासमोर एनडी ८ फिल्टर (उजेड आठपट कमी करणारी काच), दीड सेकंदाच्या वर जातो, मी दोन देतो, कारण एक सेकंदाच्या पुढे फिल्म जरा आळशी होते. वेल्डिंगची काच लावायचा सल्ला कोणी देईल, देऊ द्या, फोटो हिरवा येतो.

खोलायला कोण सोपा? दोन्हीत फ्लॅश असेल तर आधी कपॅसिटरचं, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या भागाचं, बघा. बॅटरी काढली तरी त्यात ३०० व्होल्टच्या आसपास करंट बसून राहतो, हात लागला तर चांगला झटका बसतो, तेव्हा कोणी टीव्ही-मोबाइल रिपेअरवाला मित्र असेल तर त्याच्यासमोरच उघडा आणि त्यालाच डिस्चार्ज करू द्या. मिनी ८ चं पुढचं कव्हर काढलं की भिंग आणि शटरची पानं काढायची आणि पत्रा तिथेच बसवायचा, पण नळी बाहेर येते तो स्विच मात्र जागेवर ठेवायचा, नाहीतर कॅमेरा चालूच होत नाही. मग पद्धत अशी, झाकण उघडून फोटो घ्यायचा, झाकण बंद, मग बटण दाबायचं आणि मोटर फोटो बाहेर ढकलते. बटण दाबताना फ्लॅश उडतोच, मिनी ८ चा फ्लॅश बंद करता येत नाही, वायर कापायच्या भानगडीत मी पडलो नाही, काळी टेप लावून टाकली. लोक बघतात, भो, भर दुपारी टेपखालून उजेड कसला येतोय म्हणून. पण याचा एक फायदा आहे, बटण दाबेपर्यंत फिल्म आतच असते, त्यामुळे एकाच फोटोवर दोन-तीन वेळा झाकण उघडता येतं.

पोलरॉइडची मोटर फिल्मच्या पाकिटातल्या चपट्या बॅटरीवर चालते. यात एक गंमत म्हणजे संपलेल्या पाकिटाच्या बॅटरीत बराच जीव उरलेला असतो, तेच रिकामं पाकीट टाकून मोटर फिरते की नाही ते बघता येतं, फिल्म वाया जात नाही. घेताना मात्र पाकिटावर ६०० नाहीतर एसएक्स-७० लिहिलेलं बघा, आय-टाइपच्या पाकिटात बॅटरीच नसते, जुना डबा हूं की चूं करणार नाही. आरसा आतच असतो, तो हलवू नका, उजेड त्यावरून वळूनच फिल्मवर पडतो आणि पाट्यांवरची अक्षरंही त्यामुळेच सुलटी येतात. इन्स्टॅक्सला आरसा लागतच नाही, ती फिल्म मागच्या बाजूने एक्स्पोज होते आणि पुढून बघायची असते.

इथपर्यंत बघितलं तर पोलरॉइडच पुढे आहे, आणि खरं सांगायचं तर पहिला हिवाळा मी पोलरॉइडवरच होतो. डिसेंबरात सकाळी चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर जे फोटो आले त्याला तोड नाही, पाण्यावरचं धुकं आणि मंदिराच्या दगडाचा पोत त्या चौकोनात असा उतरतो की मिनीच्या काडेपेटीएवढ्या चित्रात तो येणारच नाही. भरीत पार्ट्यांच्या सीझनमध्ये तर शेतात जाताना डबा बरोबरच असायचा. आठ सेंटिमीटरच्या आसपासचा चौकोन कुठे आणि ६२ बाय ४६ मिलिमीटर कुठे. मिनीत केळीची बाग घेतली तर हिरवा पडदा दिसतो, त्यात वारा असला तर विचारूच नका.

मग फेब्रुवारी संपला.

पोलरॉइडची फिल्म वापरायचं तापमान कंपनीच सांगते, १३ ते २८ डिग्री. आता मला सांगा, मार्च ते जून भुसावळ-जळगावात दिवसा २८ डिग्री कुठे असतं? बँकेच्या एसीत. पिनहोल काही बँकेत बसून काढायचा नसतो. ट्रायपॉड लावायचा, अंदाज घ्यायचा, ढग सरकायची वाट बघायची, तोवर कॅमेरा उन्हात तापतोय. फोटो बाहेर आला की लगेच अंधारात धरायचा आणि १०-१५ मिनिटं तसाच ठेवायचा, आणि तो अंधार म्हणजे पिशवी, जी स्वतःच गरम. निघतं काय तर हळदीच्या नवरदेवासारखा पिवळाधम्मक फोटो, कधी त्यात गुलाबी झाक, आकाश निळं असं म्हणायचं आणि आपणच मान्य करायचं. थंड देशातले लोक व्हिडिओत सांगतात की फोटो जॅकेटच्या आत छातीशी धरा म्हणजे ऊब मिळेल. आमच्याकडे छातीच ३७ डिग्रीला आणि बाहेर ४३!

मी उपाय केले नाहीत असं नाही. आइसबॉक्स घेतला, त्यात बर्फाच्या बाटल्या, त्यावर टॉवेल, टॉवेलवर डब्यात फिल्म. फिल्म गार राहिली, पण बाहेर काढल्या काढल्या पाकिटावर दव धरलं. दव जायची वाट बघावी तर तोवर फिल्म परत तापलेली. फ्रिजमधली फिल्म आधी रूम टेम्परेचरला येऊ द्या म्हणतात, इथली रूम टेम्परेचर मे महिन्यात कुठे असते ते तुम्हाला माहीतच आहे. फोटो काढला की आइसबॉक्सकडे पळायचं, झाकण उघडायचं, फोटो पालथा घालून ठेवायचा, परत कॅमेऱ्याकडे. लळिंगच्या किल्ल्यावर तो बॉक्स चढवताना बरोबरचा मित्र म्हणाला की फोटो काढायला चाललोय की कुल्फी विकायला, आणि मला उत्तर सुचलं नाही.

इन्स्टॅक्सवर फुजी ५ ते ४० डिग्री लिहिते. म्हणजे एप्रिलच्या दुपारी आपण त्याच्याही हद्दीबाहेरच असतो, हे मान्य. पण माझ्या अनुभवात फरक आहे, सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर तो काही कुरकुर करत नाही, आणि दुपारी जरी काढला तरी रंग जरासे उष्णतेकडे झुकतात, बिघडत नाहीत. मी मोजमाप वगैरे केलेलं नाही, कोणाचा अनुभव वेगळा असू शकतो. पण दीड-दोन मिनिटांत फोटो तयार, अंधारात धरायचं लफडं नाही, खिशात टाकला आणि पुढे गेलो. एरंडोलजवळच्या फरकांडेचे झुलते मनोरे मी मार्चच्या शेवटी मिनीवर काढले, एका फोटोवर दोन वेळा झाकण उघडून, मधे ट्रायपॉड तसूभर हलवून. मनोरा झुललेला दिसतो. पोलरॉइड त्या दिवशी घरीच होता.

आणि एक. जागतिक पिनहोल दिवस २००१ पासून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी असतो. ज्यांनी तो ठरवला ते खानदेशात कधी आले नसावेत. त्या दिवशी काढलेलाच फोटो पाठवायचा असतो, म्हणजे तुम्ही त्यासाठी कॅमेरा तयार करत असाल तर निवड जवळजवळ झालीच म्हणायची.

पैशाचं फार ताणत नाही. पोलरॉइडच्या पाकिटात आठ फोटो, इन्स्टॅक्सच्यात दहा, आणि दर फोटोमागे पोलरॉइड कितीतरी महाग पडतो, शिवाय तो मागवायचा आणि कुरिअरच्या गोडाऊनमध्ये किती दिवस तापलाय ते देव जाणे. मिनीची फिल्म ऑनलाइन कधीही मिळते. पिनहोलमध्ये निम्मे फोटो वाया जाणार हे धरूनच चालायचं, तेव्हा हा फरक जाणवतो. धूळ दोघांनाही सारखीच त्रास देते, भोकात एक कण बसला की चित्र मऊ पडतं, रबरी फुग्याने फुंकर मारायची, तोंडाने नको.

तुम्ही फक्त हिवाळ्यात फिरणारे असाल, नाहीतर तोरणमाळला घर असेल, तर पोलरॉइड खोला, मी अडवणार नाही, चित्र त्याचंच मोठं आणि देखणं. बारा महिने वापरायचा तर मी मिनी खोलीन, एनडी ८ सकट. चित्र लहान आहे ही तक्रार माझीही आहे, आणि त्यावर उत्तर बहुतेक इन्स्टॅक्स वाइड २१० असावं, फिल्म त्याच ८०० स्पीडची, चित्र ९९ बाय ६२, भिंगाचं अंतर ९५, म्हणजे झाकणाला वेळही जास्त मिळेल. एका फोटोबूथवाल्या मित्राकडे तो आहे. लग्नसराई संपली की देतो म्हणतो, आणि त्याची लग्नसराई काही संपत नाही.