अपक्ष उमेदवाराची पत्रके आणि बेळगावचा एक छापखाना

सीमाभागातील विडी कामगार महिलांची संघटना बांधणाऱ्या आमच्या आक्का 2023 च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीला अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या, तेव्हा छपाईचे सगळे काम, निवृत्त शिक्षक म्हणून, माझ्या गळ्यात पडले. ज्या छापखान्याकडून ते करून घेतले त्याचा हा अभिप्राय आहे. छापखान्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे एक तक्रारही लिहायची आहे; शिवाय ज्यांच्या घरी आमचे पत्रक अजून पडून असेल त्यांना ते तळाच्या ओळीत सापडेल, कायद्यानेच ते तेथे छापावे लागते.

खरे तर आमच्या गावाहून कोल्हापूर जवळ, आणि मराठी छपाईसाठी आम्ही आजवर तिकडेच जात आलो. परंतु आचारसंहितेच्या काळात गठ्ठे घेऊन राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडायचा म्हणजे प्रत्येक खेपेला गाडी उघडून दाखवणे आले. शिवाय पत्रकाची एक बाजू कन्नडमध्ये हवी होती, म्हणून खडेबाजाराला लागून असलेल्या बोळातील हा छापखाना गाठला. अपक्षाची खरी अडचण वेळेची असते. मोठ्या पक्षांचे चिन्ह वर्षानुवर्षे ठरलेले असते आणि त्यांची पत्रके अर्ज भरण्याआधीच तयार असतात. अपक्षाला चिन्ह मिळते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. ती मुदत 24 एप्रिलला संपली, मतदान 10 मे रोजी होते आणि जाहीर प्रचार 8 मेच्या संध्याकाळी थांबणार होता. आक्कांची पहिली पसंती शिवणयंत्राला होती, पदरी पडली शिट्टी. म्हणजे चिन्हाची जागा मोकळी सोडून केलेली सगळी जुळणी त्या रात्री नव्याने बघावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी कागदाला हात लावण्याआधी विचारले, "गुरुजी, प्रकाशक कोण? तुम्हाला ओळखणारे दोघे घेऊन या, मग प्लेट करतो." लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127 क नुसार पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावे व पत्ते हवेतच, शिवाय प्रकाशकाने आपल्या सहीचे आणि ओळखीच्या दोन व्यक्तींनी साक्षांकित केलेले घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाला द्यायचे असते, आणि मुद्रकाने त्याची एक प्रत छापील पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. यात कसूर झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मला ठाऊक होते, पण लहान कामासाठी कोणी इतके काटेकोर राहील असे वाटले नव्हते. (1996 साली बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे राहिले आणि त्यानंतर अनामत रक्कम वाढली, अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले, ज्याने दहा सूचक जमवले त्याला दोन साक्षीदार जड जाऊ नयेत.) शिट्टीचे चित्रही त्यांनी इंटरनेटवरून उचलले नाही, आयोगाच्या नमुन्यावरूनच घेतले, आणि लहान आकारात त्याच्या रेषा शाईने भरतील म्हणून ते स्वतःहून थोडे मोठे केले.

मुद्रितशोधनाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. मजकूर आम्ही युनिकोडमध्ये दिला होता, छापखान्याने तो आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला आणि त्या बदलात एके ठिकाणी इकार गळून "विडी कामगार" चे "वडी कामगार" झाले. मी दोनदा वाचूनही माझ्या नजरेतून ते निसटले. आक्कांनी मात्र चष्मा न लावता, कागद हातभर लांब धरून नेमके त्यावर बोट ठेवले. भविष्य निर्वाह निधीच्या कागदावर नावाचे एक अक्षर चुकले म्हणून अडलेल्या बायकांचे अर्ज दुरुस्त करण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली आहेत. अक्षर कोठे घसरते हे त्यांना हातानेच कळत असावे. जुळणी करणाऱ्या मुलीने न कुरकुरता पूर्ण मजकूर पुन्हा तपासला, कन्नड बाजू मोठ्याने वाचून दाखवली, आणि "छाट" या शब्दाला कन्नडमध्ये काय लिहावे हे आक्कांनाच विचारले. नापास म्हणून बाजूला काढलेल्या, पण मजुरी न मिळणाऱ्या विड्यांचा प्रश्न पत्रकाच्या मध्यभागी होता, त्यामुळे तो शब्द चुकून चालणार नव्हते. दोन्ही भाषांत तोच शब्द ठेवला, कारण कामगार तोच बोलतात.

छपाई स्वच्छ, कागद साधा पण पलीकडची अक्षरे न दिसणारा. बिलावर क्रमांक, प्रतींची संख्या आणि तारीख व्यवस्थित होती. उमेदवाराच्या रोजच्या खर्चाच्या नोंदवहीला हे लागतेच.

तक्रार दुसऱ्या खेपेची. 2 मेला देण्याचे कबूल केलेले गठ्ठे 4 मेच्या दुपारी मिळाले, आणि मधल्या वेळात यंत्रावर एका मोठ्या उमेदवाराचे काम चालू असलेले मी स्वतः पाहिले. मालकांनी प्लेट खराब झाल्याचे कारण सांगितले. ते खरे असेलही, परंतु जेमतेम पंधरा दिवसांच्या प्रचारात दोन दिवस म्हणजे आमच्या चार गावांचा फेरा, आणि त्या गावांत बायका पत्रकाविनाच फिरल्या. याबद्दल दर कमी करण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही संकोचाने काढला नाही. तो काढायला हवा होता.

आक्कांची अनामत गेली. निकालानंतर 30 दिवसांत द्यायचा खर्चाचा हिशेब मात्र त्याच बिलांच्या आधारावर वेळेत सादर झाला. संघटनेची पावतीपुस्तके आता याच छापखान्यात दिली आहेत. तारीख मात्र गरजेच्या आठवडाभर आधीची सांगितली आहे आणि ती मालकांच्या सहीने लिहून घेतली आहे.