आठ बाय बेचाळीस: डोंगरातल्या गावात दुर्बिणीचे एक वर्ष

पक्षी, झाडे आणि कडेकपारी न्याहाळण्यासाठी दुर्बीण घ्यायला गेले, की विक्रेता आधी ‘किती पट हवी?’ असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता दहा किंवा बारा पटींची पेटी पुढे सरकवतो. तो मोह टाळून मी ‘आठ बाय बेचाळीस’, म्हणजे वस्तू आठपट जवळ आणणारी आणि ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची, मध्यम दर्जाची दुर्बीण घेतली आणि एका पर्वतीय गावात सगळ्या ऋतूंमध्ये जवळजवळ रोज वापरली. कंपनीचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. या मापाच्या दुर्बिणी अनेक कंपन्या बनवतात आणि या दर्जात त्यांचे गुणदोष बरेचसे सारखेच असतात.

निवडीमागचे गणित सोपे आहे. ४२ ला आठने भागले की ५.२५ येतात आणि डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास तेवढे मिलिमीटर असतो. दहा पटींच्या दुर्बिणीत त्याच भिंगांतून ४.२ मिलिमीटरचा झोत मिळतो. भर दुपारी बुबुळातली बाहुली आक्रसलेली असल्याने हा फरक जाणवतही नाही. परंतु दरीतल्या गावाचे ऊन सकाळी एक डोंगर अडवतो आणि संध्याकाळी दुसरा, त्यामुळे दिवसाच्या दोन्ही टोकांना सावलीचा लांबलचक काळ असतो आणि बहुतेक प्राणी-पक्षी नेमके तेव्हाच हालचाल करतात. झुडपाच्या तळाशी पालापाचोळा उकरणारा पक्षी त्या अंधुक उजेडात मला रंगांसह दिसला, हे या दुर्बिणीचे पहिले यश. शिवाय चढ चढून धाप लागलेली असताना हाताचा कंपही तितक्याच पटींनी मोठा होतो, हे दुकानात उभे राहून कधीच लक्षात येत नाही.

पावसाळ्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही आणि तेच चांगले लक्षण आहे. नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन भरून त्या बंद केलेल्या असल्याने आतल्या काचांवर एकदाही बाष्प धरले नाही. धुक्यातून मात्र कोणतीही दुर्बीण पलीकडचे दाखवत नाही. तिच्यातून धुकेच मोठे दिसते.

तिचा खरा उपयोग वसंतात कळला. उंची हजार मीटरने वाढली, की हवा सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते, त्यामुळे पालवी सगळ्या डोंगरावर एकदम फुटत नाही. ती पायथ्यापासून वर चढत जाते. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये या चढणीचा ठोकताळा मांडला होता: दर ४०० फुटांना सुमारे चार दिवसांचा उशीर. तो उत्तर अमेरिकेतील निरीक्षणांवर बेतलेला आहे आणि उताराची दिशा, बर्फ किंवा वारा यांनी सहज बिघडतो, तरीही एकाच जागी बसून हिरव्या रंगाची कड दर आठवड्याला कुठवर पोहोचली हे टिपण्यात जो आनंद आहे, तो नुसत्या डोळ्यांनी मिळत नाही, कारण त्यांना ती कड पुसटच दिसते. दुर्बिणीतून एकेक झाड वेगळे होते: खालचे पोपटी, त्याच्या वरचे फुगलेल्या कळ्यांमुळे तांबूस आणि त्याहून वरचे अजून राखाडी. या दुर्बिणीची दुसरी खुबी म्हणजे ती दोन मीटरवरच्या वस्तूवरही नीट स्थिरावते. फुलावर बसलेल्या मधमाशीच्या मागच्या पायावरची परागाची पिवळी गोळी मी तिला न उडवता निवांत पाहू शकलो.

उन्हाळ्यात तापलेल्या खडकांवरची हवा थरथरू लागली, की दुपारी दूरचे पाहण्यात अर्थ नसतो. पानगळीच्या दिवसांत मात्र एकदाच दहा पटींचा हेवा वाटला. दाढीवाले गिधाड कड्यावरून घिरट्या घालत होते. पाचरीसारखी शेपूट ओळखू आली, पण छातीवरचा तांबूस रंग नीट दिसण्याआधीच ते कड्याआड गेले. लोहयुक्त मातीत अंग माखून हा पक्षी तो रंग स्वतः चढवून घेतो, त्यामुळे तो पाहायची फार इच्छा होती.

हिवाळ्याने तिचे दोष उघडे पाडले. थंड, जड हवा दरीत साचून खाली ढगांचा समुद्र होतो आणि वरची शिखरे लख्ख दिसतात, तेव्हा निष्पर्ण फांद्यांच्या कडेला बर्फाच्या पार्श्वभूमीवर जांभळी किनार उमटते. महागड्या काचेच्या दुर्बिणींत ती बरीच कमी असते. कडाक्याच्या थंडीत आतले वंगण घट्ट होऊन दृश्य स्पष्ट करण्याचे मधले चाक इतके जड फिरते, की हातमोजे घालून ते नेमके थांबवणे कठीण जाते. डोळ्यांकडच्या काचेवर श्वासाचे बाष्प धरते, म्हणून नाक मफलरमध्ये खुपसले, तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण मफलरमधून निघालेली वाफ थेट वरच चढते. बाहेरून आल्यावर दुर्बीण लगेच उबदार खोलीत उघडी ठेवू नये, पिशवीतच हळूहळू गरम होऊ द्यावी, हा धडा काचा पूर्ण धुरकट झाल्यावर मिळाला.

तरीही याच हिवाळ्यात तिने मला वॉलक्रीपर दाखवला. उन्हाळ्यात उंच कड्यांवर राहणारा हा राखाडी पक्षी थंडीत खाली उतरतो आणि कधीकधी दगडी इमारतींच्या भिंतींवरही किडे शोधत हिंडतो. बसलेला असताना तो दगडाचाच तुकडा वाटतो. मग पंख किंचित झटकतो आणि क्षणभर किरमिजी रंग चमकतो. दुर्बिणीला हजार मीटरवर १३० मीटर रुंदीचा देखावा दिसत असल्याने तो सरकला तरी चौकटीबाहेर गेला नाही.

आता तक्रारी. आठव्या महिन्यात उजव्या डोळ्याकडची फिरकीची रबरी वाटी सैल झाली. हमीचा काळ शिल्लक असूनही कंपनीने तीन आठवड्यांनी उत्तर दिले आणि दुर्बीण स्वखर्चाने पाठवण्यास सांगितले. ऐन हंगामात ती स्वतःपासून दूर करणे जमले नाही. सोबतचा गळ्यातला पट्टा अरुंद आहे आणि साडेसहाशे ग्रॅमचे वजन तासाभरात मानेला काचू लागते, तेव्हा दोन्ही खांद्यांवरून येणारा पट्टा वेगळा घ्यावा. चष्मा लावणाऱ्यांनी वाट्या पूर्ण मिटवून पाहिले, तर देखाव्याची कड बहुतांशी दिसते.

उघड्या पठारावरून फक्त दूरचे कडे पाहणाऱ्याने तिवई घेऊन दहापटच घ्यावी. झाडी, दरी आणि सावली यांतून चालत हिंडणाऱ्याला मी हेच माप सुचवेन. माझी सैल वाटी सध्या रबरबँडने धरली आहे, आणि गोठवणाऱ्या थंडीत तो दोनदा तुटला असल्याने पिशवीत नेहमी दोन जादा ठेवलेले असतात.