अकरा महिन्यांनंतर: १७ नंबरची एअर-कूल्ड टिग टॉर्च

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी लहानशी फॅब्रिकेशनची शेड आहे. काम बहुतेक ३०४ एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, असते: हॉटेलच्या स्वयंपाकघरातली टेबले आणि सिंक, जिन्याचे रेलिंग, अधूनमधून दूध साठवण्याच्या टाकीची दुरुस्ती. मशीन टिग वेल्डिंगचे, २०० अँपिअरचे डीसी इन्व्हर्टर आहे. टिग म्हणजे टंगस्टनच्या कांडीच्या टोकाशी आर्क, म्हणजे विजेची ज्योत, काढून आर्गन वायूच्या आवरणाखाली जोड करणे; ती कांडी धरणारी मूठ म्हणजे टॉर्च. त्याच्यासोबत आलेली टॉर्च गेल्या वर्षी कामातून गेली, तेव्हा १७ नंबरची, मान वाकणारी आणि ४ मीटर केबलची एअर-कूल्ड टॉर्च घेतली. तिला आता अकरा महिने झाले. रोज सरासरी दीड-दोन तास प्रत्यक्ष आर्क चालू असतो, त्यामुळे तिच्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. यातले बरेचसे टॉर्चच्या गुणदोषांपेक्षा ती जोडताना आणि वापरताना माझ्या हातून झालेल्या चुकांविषयी आहे, हे आधीच सांगतो.

एअर-कूल्ड हे नावच थोडे फसवे आहे. हिच्यात पंखा नाही, पाणी नाही. टॉर्चच्या डोक्यातली उष्णता बाहेर नेण्याचे काम एक तर आतून वाहणारा आर्गन करतो, नाही तर भोवतालची हवा. माझ्या टॉर्चमध्ये तांब्याची केबल गॅसच्या नळीच्या आतूनच जाते, म्हणजे जाता जाता आर्गन त्या केबललाही थंड ठेवतो. हे कळेपर्यंत मी गॅसकडे केवळ जोड झाकणारे पांघरूण म्हणून पाहत होतो. गॅसचा प्रवाह कमी केला की जोड काळवंडतो हे माहीत होते. पण केबल आणि मूठही त्याच कारणाने तापतात, हे पहिल्या दोन महिन्यांत लक्षात आले नव्हते.

टॉर्चवर १५० अँपिअर, ६० टक्के असे लिहिलेले असते. याचा अर्थ १५० अँपिअरवर दर १० मिनिटांतली ६ मिनिटे आर्क आणि उरलेली ४ मिनिटे विश्रांती. हा आकडा डीसीचा आहे. अॅल्युमिनियमसाठी एसीवर चालवणाऱ्यांनी तो त्याहून कमी धरावा. मशीनची चावी मात्र २०० पर्यंत फिरते, आणि समोर कोणती टॉर्च लावली आहे हे मशीनला कळत नाही. एप्रिलमध्ये ३ मिलिमीटर पत्र्याच्या टाकीचे लांब कोपरे १३० अँपिअरवर सलग ओढत होतो. पत्र्याच्या छपराखाली दुपारी आधीच भट्टी झालेली असते. तिसऱ्या कोपऱ्याला मूठ हातमोज्यातूनही चटका देऊ लागली आणि नोझलला, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या तोंडाला, बारीक तडा गेला. अँपिअरच्या हिशेबाने मी मर्यादेच्या आतच होतो; पण तो आकडा माझ्या शेडमधल्या एप्रिलचा नव्हता. आता ११० अँपिअरपर्यंतचे काम मी निर्धास्त करतो, त्यापुढे एक कोपरा झाला की टॉर्च हुकला टांगून दुसरीकडे टाके मारत बसतो. एसएसचा दीड मिलिमीटर पत्रा ५०-६० अँपिअरमध्ये जुळतो, त्यामुळे माझ्या ऐंशी टक्के कामाला ही टॉर्च पुरून उरते. रोज दीडशेच्या वर चालणारे काम असेल, तर त्याहून मोठी २६ नंबरची किंवा सरळ पाण्याने थंड होणारी टॉर्च घ्यावी.

आता डोक्याच्या जोडणीविषयी, कारण माझे सर्वांत जास्त नुकसान तिथे झाले. आधी कोलेट बॉडी (कोलेट जिच्यात बसते ती) पुढून घट्ट बसवायची, मग नोझल, मग मागून कोलेट, म्हणजे टंगस्टन आवळून धरणारी नळी, आणि टंगस्टन, आणि शेवटी मागची टोपी, म्हणजे बॅक कॅप. बॅक कॅप बोटांनी घट्ट होईल एवढीच आवळावी; पान्ह्याने पिळली तर कोलेट पिरगळते आणि टंगस्टन वाकडे धरते. सैल राहिली तर टंगस्टन आणि कोलेट यांच्यामध्ये ठिणग्या उडून डोके तापते. टंगस्टन आणि कोलेट एकाच मापाचे हवे, १.६ ला १.६ आणि २.४ ला २.४. हे सांगायची गरज वाटू नये, पण आमच्याकडे डब्यात सगळे एकत्र असायचे आणि घाईत हाताला येईल ते लागायचे.

पाचव्या महिन्यात जोडावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे येऊ लागली आणि टंगस्टन प्रत्येक वेळी निळे-काळे होऊन बाहेर यायचे. मी सिलिंडरवर खापर फोडले. गॅस देणाऱ्याशी फोनवर वाद घातला, सिलिंडर बदलून आणला, तरी तेच. पत्रा पुसण्याचे कापड बदलले, जोडात भरायची फिलरची तार बदलली, पंखा बंद केला. दोन दिवस असे गेल्यावर आमच्याकडच्या कारागिराने बॅक कॅप काढून बोटावर फिरवली आणि म्हणाला, "मालक, ही रिंग बघा." कॅपच्या गळ्यातली रबरी ओ-रिंग उष्णतेने कडक होऊन एका बाजूला चिरली होती. त्या चिरेतून मागून हवा आत खेचली जात होती आणि आर्गनबरोबर थेट टंगस्टनवर येत होती. रिंगची किंमत एका चहाएवढी. त्या गॅसवाल्याची मी नंतर जाऊन माफी मागितली, त्याने हसण्यावारी नेले.

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी एक तपासणी ठरलेली आहे. माझ्या मशीनवर गॅस तपासण्याचे वेगळे बटण आहे. ते दाबले की आर्क न होता फक्त गॅस वाहतो. त्या वेळी रेग्युलेटरचे आटे, मशीनमागचा सांधा आणि गॅसच्या नळीचे दोन्ही नट यांना ब्रशने साबणाचा फेस लावायचा. फुगा धरला तर गळती. डोक्याजवळ मात्र पाणी नेत नाही. तिथे मशीन बंद करून कॅप काढायची आणि रिंग नखाने दाबून पाहायची. मऊ लागली तर ठीक. नोझलच्या मागे बसणारी पांढरी इन्सुलेटर रिंगही त्याच वेळी पाहतो. गॅस लेन्स, म्हणजे गॅसचा प्रवाह सरळ करणारी जाळीची बॉडी, लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की लेन्सच्या बॉडीला ती रिंग वेगळी लागते. जुनीच ठेवली की नोझल नीट टेकत नाही, आणि चांगल्या प्रवाहासाठी घेतलेली लेन्स उलट हवा ओढते.

दुसरी चूक पोलॅरिटीची, म्हणजे प्लस-मायनसची. वर्षानुवर्षे रॉडचे वेल्डिंग करताना होल्डर प्लसला लावण्याची सवय. पहिल्याच दिवशी टॉर्चही प्लसला लावली. आर्क सुरू होताच टंगस्टनचे टोक वितळून त्याचा गोळा झाला आणि तो जोडात पडला. डीसी टिगमध्ये टॉर्च मायनसला आणि अर्थिंगचा क्लॅम्प प्लसला लागतो. उलटे केले तर आर्कच्या उष्णतेचा मोठा भाग कामाऐवजी टंगस्टनवर येतो आणि एवढीशी कांडी तो सोसू शकत नाही. आता मायनसच्या सॉकेटभोवती लाल रंगाची पट्टी ओढून ठेवली आहे. क्लॅम्प शक्य तितका जोडाजवळ आणि घासून स्वच्छ केलेल्या जागेवर लावतो. टेबलाच्या गंजलेल्या पायाला लावला की आर्क भरकटतो.

गॅस मी ६ नंबरच्या नोझलला मिनिटाला ७ ते ८ लिटर ठेवतो. नोझलचा नंबर म्हणजे आतल्या व्यासाचे इंचाचे सोळावे भाग, तेव्हा ६ म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. नोझलपुढे टंगस्टन ४-५ मिलिमीटर बाहेर ठेवतो. कोपऱ्यात थोडे जास्त लागते, तेव्हा गॅस लेन्स खरोखर उपयोगी पडते. प्रवाह वाढवला की संरक्षण वाढते हा समज चुकीचा आहे. मिनिटाला १५ लिटरच्या वर गेल्यावर गॅस खळबळतो आणि बाजूची हवा आत घेतो. गॅस मोजणारा फ्लोमीटर मात्र उभा सरळ असायला हवा, तिरका असला की गोळीचा आकडा खोटा दाखवतो.

पोस्ट फ्लोवर आमच्याकडे बरीच वादावादी झाली, कारण आर्क विझल्यावर वाहणारा गॅस पाहून प्रत्येकाला पैसे उडाल्यासारखे वाटतात. म्हणून एकदा हिशेबच मांडला. ४७ लिटरचा सिलिंडर १५० बारला भरलेला असेल, तर त्यात सुमारे ७,००० लिटर आर्गन असतो. मिनिटाला ८ लिटरने १० सेकंदांचा पोस्ट फ्लो म्हणजे १.३ लिटर. दिवसभरात शंभर वेळा आर्क विझवला तरी १३३ लिटर, म्हणजे सिलिंडरच्या दोन टक्क्यांहूनही कमी. तेवढ्यात टंगस्टन चांदीसारखे राहते, जोडाचे शेवटचे टोक काळे पडत नाही आणि टॉर्चचे डोकेही निवते. दर १० अँपिअरला १ सेकंद, पण ८ सेकंदांहून कमी नाही, हे प्रमाण मी आता कायम केले आहे. त्या सेकंदांत टॉर्च जोडावरून हलवायची नाही, एवढी शिस्त मात्र हाताला लावावी लागते.

विजेच्या बाबतीत पावसाळा हा आमच्या भागातला खरा परीक्षक आहे. जुलैमध्ये शेडची फरशी ओलसरच असते. त्या दिवसांत एका मुलाने टंगस्टन बदलताना मशीन चालूच ठेवले आणि पाय पेडलवर पडला. हाय फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे आर्क पेटवणाऱ्या उच्च दाबाच्या विजेचा, झटका बोटाला बसून पांढरा चट्टा उठला, सुदैवाने एवढ्यावरच निभावले. बॅक कॅप ही विजेपासून वाचवणारी टोपीही आहे हे तेव्हा सगळ्यांना पटले, कारण त्याच टॉर्चच्या कॅपला तडा होता आणि तिथून हाय फ्रिक्वेन्सी मुठीत उतरत असल्याची तक्रार तो आठवडाभर करत होता. मी ती मनावर घेतली नव्हती. आता टंगस्टनला हात लावण्याआधी मशीन बंद, उभे राहायला लाकडी फळी आणि रबरी चटई, आणि हातमोजे कोरडे. घामाने भिजलेला मोजा काढून दुसरा घालायचा. केबल गळ्यात किंवा कमरेभोवती गुंडाळून काम करण्याची खोड बऱ्याच जणांना असते. ती मी बंद केली. पेसमेकर बसवलेल्या माणसाला शेडमध्ये येऊच देत नाही.

टंगस्टन घासण्यासाठी वेगळे चाक ठेवले आहे, त्यावर लोखंड लावत नाही. कांडी चाकावर लांबीच्या दिशेने धरायची, म्हणजे ओरखडे टोकाकडे जातात आणि आर्क स्थिर राहतो. टोकाची लांबी व्यासाच्या दोन-अडीच पट. पूर्वी लाल टोकाचे थोरिएटेड टंगस्टन वापरायचो. थोरियम किरणोत्सारी आहे. कांडी नुसती जवळ असण्यापेक्षा घासताना उडणारी धूळ श्वासातून आत जाणे धोक्याचे. निळ्या टोकाचे, २ टक्के लँथॅनमचे टंगस्टन डीसीवर तितकेच चांगले चालते, म्हणून लाल डबी संपल्यावर पुन्हा आणली नाही.

टिगमध्ये धूर कमी दिसतो, म्हणून माणूस गाफील राहतो. एसएस वितळवताना धुरात क्रोमियमची घातक संयुगे असतात. वेल्डिंगचा धूर आणि आर्कची अतिनील किरणे या दोन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. धूर खेचणारा पंखा मी जोडाच्या बाजूला, जरा दूर ठेवतो, म्हणजे गॅसचे आवरण विस्कटत नाही. हेल्मेटची काच १० किंवा ११ नंबरची. चकचकीत एसएसवरून किरणे परत उसळतात आणि शर्टाचे वरचे बटण उघडे असेल, तर संध्याकाळी गळा भाजल्यासारखा लाल होतो. टेरिकॉट नको, जाड सुती शर्ट हवा. पत्रा पुसायला अॅसिटोन वापरून तो पूर्ण वाळू देतो. ब्रेक क्लीनरसारखे क्लोरीन असलेले द्रावण जोडाच्या आसपासही आणू नये, कारण आर्कच्या किरणांनी आणि उष्णतेने त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू होऊ शकतो.

टाकीच्या आत उतरून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आर्गनला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. टाकीच्या तळाशी तो साठतो आणि प्राणवायू बाहेर ढकलतो. माणसाला गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच शुद्ध हरपू शकते. आत हवा सोडणारा ब्लोअर चालू असल्याशिवाय आणि तोंडाशी एक माणूस बसल्याशिवाय आम्ही कोणी टाकीत उतरत नाही. जेवणाच्या सुट्टीत टॉर्च टाकीत ठेवायची नाही, सिलिंडरचा कॉकही बंद करायचा.

टॉर्चविषयी तक्रारी दोन. पहिली, केबलचे रबरी आवरण थंडीत ताठ होते आणि मनगटावर ओढ येते. वरून लोंबता हुक लावून तिचा भार मी उतरवला. दुसरी, ज्या दुकानातून टॉर्च घेतली तिथल्या पहिल्या नगाचा मशीनकडचा क्रिम्प, म्हणजे केबल दाबून बसवलेला सांधा, सैल निघाला. अर्ध्या तासात तो सांधा हाताला सोसवेना इतका तापला. नग बदलून मिळाला, पण तीन फेऱ्यांनंतर. नवी टॉर्च घेतल्यावर पहिल्या १५ मिनिटांनी मशीन बंद करून तो सांधा हाताने चाचपून पाहावा.

वाकणारी मान अजून सैल पडलेली नाही, कारण ती मी दिवसात फार वेळा वळवत नाही. सारखी वळवली की आतले तांबे थकते. अकरा महिन्यांत सहा नोझल, दोन कोलेट, एक बॅक कॅप आणि ओ-रिंगांचे एक पाकीट एवढा खर्च झाला. मुठीचे बटण गेल्या आठवड्यापासून अडकते आहे, ते या रविवारी बदलणार आहे.